टायट्रेशनचं प्रॅक्टिकल : आदल्या दिवसापासून शेवटच्या थेंबापर्यंत

अकरावीच्या वर्गाला पहिलं टायट्रेशन घेतलं की जर्नल तपासताना एक गंमत हमखास दिसते. वीस मुलांची बॅच, वीस ब्युरेट, वीस जोडी डोळे, आणि वीसच्या वीस जर्नलमध्ये तीन ओळी सारख्या : १०.०, १०.०, १०.०. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक बॅच होती. त्या दिवशी मी कॉस्टिकचं द्रावण मुद्दामच जरा तीव्र केलं होतं. सकाळी स्वतः टायट्रेशन करून पाहिलं तर रीडिंग ९.७ आलं. म्हणजे वर्गात कुणाचं तरी ९.६, ९.७, गेला बाजार ९.९ तरी यायला हवं होतं. एकाचंही नाही! मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी जर्नलमधून १०.० हा आकडा वर्गभर फिरला होता.

पण एका मुलीच्या जर्नलमध्ये १०.० च्या खाली पेन्सिलचा पुसलेला ठसा होता. उजेडात धरून पाहिलं : १०.६, १०.५, १०.६. विचारलं तर म्हणाली, "सर, सगळ्यांचं दहा आलं, माझंच चुकलं असणार." तिचं चुकलं होतं का, ते पुढे सांगतो. त्याआधी प्रॅक्टिकल समजून घेऊ, कारण उत्तर त्यातच आहे.

टायट्रेशन म्हणजे काय?

पुस्तकात याला अनुमापन म्हणतात. लॅबमध्ये मात्र आपण सगळे टायट्रेशनच म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणेन. कल्पना अगदी साधी आहे. एका द्रावणाची तीव्रता आपल्याला नक्की माहीत आहे, दुसऱ्याची माहीत नाही. माहीत असलेलं द्रावण मोजून घ्यायचं, त्यात दुसरं थेंब-थेंब सोडायचं, आणि दोघांची अभिक्रिया ज्या क्षणी पुरी होते तिथे थांबायचं. किती मिलिलिटर लागलं यावरून तीव्रता काढायची. वाण्याच्या तराजूत एका पारड्यात वजन टाकतात आणि दुसऱ्यात काटा मधे येईपर्यंत साखर, तसंच. इथे काट्याचं काम दर्शक करतो.

आपल्या प्रयोगात माहीत असलेलं द्रावण ऑक्झॅलिक आम्लाचं, आणि माहीत नसलेलं सोडियम हायड्रॉक्साईडचं. ऑक्झॅलिक आम्लाचा एक रेणू सोडियम हायड्रॉक्साईडच्या दोन रेणूंबरोबर अभिक्रिया करतो, आणि सोडियम ऑक्झॅलेट व पाणी तयार होतं. हा "एकास दोन" विसरलात की उत्तर बरोबर निम्मं येतं. दरवर्षी चार-पाच जणांचं येतंच.

आदल्या दिवशीची तयारी

प्रॅक्टिकल चांगलं होतं की नाही, ते आदल्या दिवशीच ठरतं. आणि सुरुवात होते पाण्यापासून.

पुष्कळ शाळांमध्ये डिस्टिल्ड वॉटरचा प्लांट नसतो, असला तरी बंद असतो. मग बॅटरीत घालायच्या पाण्याचे कॅन आणतात. त्याने काम भागतं. पण कॅन अर्धा झाला की कुणीतरी भल्या मनाने तो नळाखाली धरून भरून ठेवतं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला हे झालंय. मुलांनी ऑक्झॅलिक आम्ल विरघळवलं आणि फ्लास्कमधलं द्रावण ताकाच्या निवळीसारखं गढूळ झालं. मुलं म्हणाली, आम्ल खराब आहे. आम्ल चांगलंच होतं, कॅनमध्ये बोअरचं पाणी होतं. आपल्याकडचा खडक बेसाल्टचा. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियमचे क्षार असतात, आणि कॅल्शियमला ऑक्झॅलिक आम्ल भेटलं की कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार होतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पांढरं दिसतं. मूतखड्यांमध्ये सर्वांत जास्त सापडणारा पदार्थ हाच. तेव्हापासून कॅनवर तारीख लिहून टोपणाला चिकटपट्टी लावतो. आणि दर वेळी थोडं पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात ऑक्झॅलिक आम्लाचा स्फटिक टाकून बघतो. गढूळ झालं, तर ते पाणी हात धुवायला.

आता ऑक्झॅलिक आम्ल. बाटलीत असतात ते स्फटिक, आणि त्यांच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू असतात. म्हणून रेणुवस्तुमान ९० नाही, १२६ धरायचं. ०.०५ मोलर द्रावण २५० मिलि करायचं असेल तर १२६ गुणिले ०.०५ गुणिले ०.२५, म्हणजे १.५७५ ग्रॅम लागेल. इथे मुलं एक विनाकारण कसरत करतात. तराजूवर बरोब्बर १.५७५ यावं म्हणून चमच्याच्या टोकाने कण घाल, कण काढ, असं पंधरा मिनिटं चालतं. तराजू दोनच दशांश स्थळं दाखवणारा असेल तर ते शक्यही नाही. त्यापेक्षा जवळपास वजन घ्या आणि जे आलं ते प्रामाणिकपणे लिहा. १.६० ग्रॅम आलं? ठीक. १.६० भागिले १२६, भागिले ०.२५, म्हणजे ०.०५०८ मोलर. गणितात हीच संख्या वापरा. द्रावण ०.०५ असलंच पाहिजे असं कुणी म्हटलेलं नाही. ते नेमकं किती आहे हे माहीत असणं महत्त्वाचं.

वजन केलेलं आम्ल छोट्या बीकरमध्ये थोड्या पाण्यात विरघळवून फनेलमधून २५० मिलिच्या मापन-फ्लास्कमध्ये ओतावे. बीकर, काचकांडी व फनेल तीन वेळा थोड्या पाण्याने धुऊन ते पाणीही फ्लास्कमध्येच घ्यावे. नंतर खुणेच्या जरा खालपर्यंत पाणी भरावे आणि शेवटचे काही थेंब ड्रॉपरने घालावेत. खुणेच्या वर गेलं तर ड्रॉपरने पाणी काढून उपयोग नाही, कारण त्या पाण्याबरोबर आम्लही निघून जातं. ते द्रावण टाकून नव्याने करावं लागतं. शेवटी बूच लावून फ्लास्क पंधरा-वीस वेळा उलटासुलटा करा. हे न केल्यामुळे वरचं द्रावण पातळ, खालचं तीव्र, आणि मग तीन रीडिंग तीन तऱ्हेची, असं मी पाहिलंय. आपल्याकडच्या फ्लास्कवर बहुधा २७ अंश सेल्सिअस छापलेलं असतं. ते माप त्या तापमानाला खरं असतं, म्हणून गरम द्रावण खुणेपर्यंत भरायचं नाही.

सोडियम हायड्रॉक्साईड, म्हणजे कॉस्टिक सोडा, शिक्षकांनी किंवा लॅब असिस्टंटनेच करावं. ०.१ मोलरसाठी लिटरला ४ ग्रॅम लागतात. मी ४.२ च्या आसपास घेतो, कारण गोळ्या शंभर टक्के शुद्ध नसतात आणि बाटली उघडल्यापासून ओल धरत असतात. कागदावर वजन करू नये, वॉच ग्लासवर करावे. नाशिकच्या पावसाळ्यात तर गोळ्या वजन होईपर्यंत चिकट व्हायला लागतात. पाण्यात गोळ्या थोड्या-थोड्या घालाव्यात, पाणी चांगलंच तापतं. थंड झाल्यावर प्लास्टिकच्या बाटलीत भरावे. काचेच्या बुचाची बाटली नको, कारण कॉस्टिक काचेला हळूहळू खातं आणि बूच कायमचं बसतं. बॅच वीसची असेल तर अडीच लिटर करून ठेवा. हिशेबाने कमी पुरेल असं वाटतं, पण धुण्यात, सांडण्यात आणि "सर, जास्त पडलं" यात बरंच जातं.

तोंडी परीक्षेत हमखास विचारतात : ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण प्रमाण धरता, मग सोडियम हायड्रॉक्साईडचं का नाही? तेही वजन करूनच केलंय ना? उत्तर वर आलंच आहे. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक शुद्ध मिळतात, वजन करताना बदलत नाहीत. कॉस्टिकच्या गोळ्या हवेतलं पाणी ओढतात आणि कार्बन डायऑक्साईडही. म्हणजे तराजूवर ४ ग्रॅम दिसलं तरी त्यात कॉस्टिक नेमकं किती, ते तराजू सांगू शकत नाही. त्यासाठीच तर टायट्रेशन करायचं.

दर्शकासाठी १ ग्रॅम फिनॉल्फ्थॅलिन १०० मिलि अल्कोहोलमध्ये विरघळवतात. पाण्यात ते विरघळत नाही. ही पांढरी भुकटी तुम्ही वर्तमानपत्रातही वाचलेली आहे, फक्त नावानिशी नाही. लाचखोराला पकडायच्या सापळ्यात नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावायची पद्धत देशभर आहे. पंचांसमोर हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायला सांगतात आणि पाणी गुलाबी होतं. रसायन तेच, फक्त ब्युरेटच्या जागी माणसाची बोटं.

काय धुवायचं आणि कशाने

माझ्या मते या सगळ्या प्रॅक्टिकलमधला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, आणि मुलं सर्वांत जास्त घाई इथेच करतात.

ब्युरेट आधी पाण्याने, मग डिस्टिल्ड वॉटरने, आणि शेवटी जे द्रावण भरायचं त्याच द्रावणाने धुवायची. पिपेटचंही तसंच. शंकुपात्र मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने, द्रावणाने कधीच नाही. हे पाठ करायला सोपं आहे, पण का?

ब्युरेटमध्ये धुतल्यावर १ मिलि पाणी चिकटून राहिलं आणि वरून द्रावण भरलं, तर पन्नास मिलित एक मिलि पाणी मिसळलं. द्रावण सुमारे दोन टक्के पातळ झालं. जिथे ९.७ यायचं तिथे ९.९ येईल. मुलगा हुशार असो, डोळा तयार असो, त्याच्या हातात आता काही उरलेलं नाही.

शंकुपात्राची गोष्ट उलटी. त्यात आपण पिपेटने मोजून १० मिलि आम्ल घालतो. पात्र आम्लानेच धुतलं आणि तळाशी अर्धा मिलि राहिलं, तर आत १०.५ मिलि आम्ल झालं आणि आपण १० लिहिलं. रीडिंग ९.७ ऐवजी १०.२ च्या घरात जाईल. आणि पाणी राहिलं तर? काही होत नाही. आम्लाचे रेणू जेवढे होते तेवढेच आहेत, फक्त ते जास्त पाण्यात पोहतायत. म्हणूनच टायट्रेशन चालू असताना पात्राच्या कडा वॉश बॉटलने धुतलेल्या चालतात. "सर, पाणी घातल्याने पातळ नाही का होणार?" हा प्रश्न जो विचारतो त्याला मी शाबासकी देतो, कारण तो विचार करतोय. पातळ होतं, पण आपण तिथे तीव्रता मोजत नाही, रेणूंचा हिशेब करतो.

पिपेट तोंडाने ओढायची नाही. आमच्या काळात सगळे ओढायचे, मीही ओढली आहे आणि एकदा तोंडात कॉस्टिकही गेलंय. जीभ दोन दिवस साबण चाटल्यासारखी होती. ऑक्झॅलिक आम्ल तर विषारीच आहे. रबरी बल्ब पाच-सहा असले तरी बॅचचं काम भागतं, आळीपाळीने घ्या. पिपेट रिकामी करताना टोक पात्राच्या कडेला टेकवून आपोआप वाहू द्यावी. टोकात जो थेंब राहतो तो फुंकून पाडायचा नाही. पिपेटवरची खूण तो थेंब वगळूनच केलेली असते.

ब्युरेट भरताना ती स्टँडवरून खाली घ्या, किंवा स्टँड स्टुलावर ठेवा. डोळ्यांच्या वर हात करून कॉस्टिक ओतणारी मुलं पाहिली की माझ्या छातीत धस्स होतं. आम्ल डोळ्यात गेलेलं वाईटच, पण कॉस्टिक त्याहून वाईट, ते आत शिरत जातं. गेलंच तर एक क्षण न घालवता पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून धुवायचा आणि मग दवाखाना. बोटाला लागलं तर बुळबुळीत लागतं. त्वचेतल्या तेलाचा साबण होतोय म्हणून ते बुळबुळीत लागतं, तेव्हा "काही नाही झालं" म्हणून पँटला पुसू नका, धुवा.

प्रत्यक्ष टायट्रेशन

सोडियम हायड्रॉक्साईड ब्युरेटमध्ये भरावे. फनेल काढून ठेवावे. त्याच्या दांडीला लोंबलेला थेंब मधेच पडला तर रीडिंग बिघडतं. मग कॉक एकदा पूर्ण उघडून नळीच्या टोकातली हवा घालवावी. तो बुडबुडा दिसायला लहान असतो, पण टायट्रेशन चालू असताना निसटला तर त्याची जागा द्रावण घेतं आणि पात्रात न पडलेलं द्रावण तुमच्या रीडिंगमध्ये मोजलं जातं. माझ्या अनुभवात पहिलं रीडिंग मोठं आणि पुढची दोन सारखी आली, तर बहुतेक वेळा बुडबुडाच कारण असतो.

पातळी वाचताना डोळा पातळीच्या समोर हवा. द्रावणाचा पृष्ठभाग वाटीसारखा खोलगट दिसतो, त्याचा तळ वाचायचा. बारावीत पोटॅशियम परमँगनेट आलं की गडद रंगामुळे तळ दिसत नाही, तेव्हा वरची कड वाचतात. ब्युरेटवरची सर्वांत लहान खूण ०.१ मिलि. एक थेंब साधारण ०.०५ मिलि, म्हणजे अर्धी खूण. दहा मिलित एक थेंब जास्त पडला तर अर्धा टक्का चूक. तेवढी चालते. पाच थेंब नाही चालत.

शंकुपात्रात पिपेटने १० मिलि ऑक्झॅलिक आम्ल, त्यात दर्शकाचे दोन थेंब. दहा नाही. दर्शक स्वतः एक दुर्बल आम्ल आहे, जास्त घातला की तोही थोडं कॉस्टिक खातो. खाली पांढरी टाईल किंवा कोरा कागद ठेवा. डाव्या हाताने कॉक, उजव्या हाताने पात्र गोल-गोल फिरवत राहायचं. पहिल्यांदा हात जुळत नाहीत, सायकल शिकताना पॅडल आणि हँडल जुळत नाही तसं. म्हणून पहिलं रीडिंग नुसतं अंदाजाचं, पायलट. एकेक मिलि सोडत जा आणि बघा रंग कुठे येतो : समजा ९ आणि १० च्या मधे. मग पुढच्या वेळी ८.५ पर्यंत बिनधास्त सोडा आणि तिथून थेंब-थेंब.

अंत्यबिंदू जवळ आला की ते समजतं. थेंब पडतो तिथे गुलाबी ढग उमटतो आणि पात्र फिरवलं की विरतो. ढग विरायला जितका वेळ लागेल तितके तुम्ही जवळ. आता अर्धा थेंब सोडायचा : कॉक किंचित उघडून टोकाशी लोंबलेला थेंब पात्राच्या कडेला टेकवायचा आणि वॉश बॉटलच्या पाण्याने आत घ्यायचा. फिकट, जेमतेम दिसेल असा गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. पात्रात रंगपंचमीची रहाड झाली असेल तर तुम्ही केव्हाच पुढे गेलेले आहात. सगळ्यांना आपला गडद गुलाबी सुंदर दिसतो, मोबाईलमध्ये फोटोही काढतात, पण चांगलं टायट्रेशन फोटोत नीट येतच नाही.

आणखी एक. पाच मिनिटांनी पाहिलं तर रंग गेलेला असतो. मुलं घाबरून आणखी कॉस्टिक घालतात. घालू नका. हवेतला कार्बन डायऑक्साईड पाण्यात विरघळून पुन्हा थोडं आम्ल तयार करतो, त्यामुळे रंग जातो. तुमचं रीडिंग बरोबरच होतं.

मिथिल ऑरेंज का नाही, हाही परीक्षकांचा लाडका प्रश्न. ऑक्झॅलिक हे हायड्रोक्लोरिकसारखं तीव्र आम्ल नाही. त्याची कॉस्टिकबरोबर अभिक्रिया पूर्ण झाल्यावर पात्रात जे सोडियम ऑक्झॅलेट उरतं ते किंचित आम्लारिधर्मी असतं, पीएच ८ च्या थोडा वर. फिनॉल्फ्थॅलिन नेमकं ८.२ च्या पुढे गुलाबी व्हायला लागतं. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ च्या दरम्यान रंग बदलतं, म्हणजे अर्धं काम बाकी असतानाच ते "झालं" म्हणून सांगेल.

बाय द वे, पिपेट आणि ब्युरेट ही नावं रूढ केली ती गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२४ मध्ये. नळीला चिमटा लावून द्रव थांबवायची ब्युरेट जर्मनीच्या कार्ल फ्रीडरिख मोहरने लोकप्रिय केली, १८५५ मध्ये त्याने टायट्रेशनवर पुस्तकही लिहिलं. बारावीत ज्या मोहर सॉल्टने तुम्ही हैराण होता, तोच हा मोहर.

हिशेब

माझं त्या सकाळचं उदाहरण घेऊ. ऑक्झॅलिक आम्ल ०.०५ मोलर, १० मिलि. ब्युरेटची रीडिंग ९.८, ९.७, ९.७. स्थिर रीडिंग ९.७.

आम्लाची मोलॅरिटी गुणिले आकारमान : ०.०५ × १० = ०.५
कॉस्टिक दुप्पट लागतं, म्हणून : ०.५ × २ = १.०
कॉस्टिकची मोलॅरिटी : १.० ÷ ९.७ = ०.१०३१ मोलर
तीव्रता : ०.१०३१ × ४० = ४.१२ ग्रॅम प्रति लिटर

लिटरला ४.२ ग्रॅम गोळ्या घातल्या होत्या, त्यातलं ४.१२ कॉस्टिक निघालं. बाकीची ओल आणि भेसळ.

आता ती मुलगी. दुसऱ्या दिवशी मी तिच्या टेबलावरची बाटली घेतली आणि स्वतः टायट्रेशन केलं. १०.६ आलं. पुन्हा केलं, १०.६. मग बाटली नीट पाहिली. नव्या द्रावणाचा कॅन सगळ्या टेबलांना पुरला नव्हता, म्हणून शेवटच्या टेबलावर मागच्या टर्मची उरलेली बाटली ठेवली गेली होती. तिचं बूच सैल होतं. महिनोन्महिने हवेतला कार्बन डायऑक्साईड आत जाऊन कॉस्टिकचा काही भाग सोडियम कार्बोनेट झाला होता. फिनॉल्फ्थॅलिन वापरलं की कार्बोनेटची निम्मीच ताकद मोजली जाते, म्हणून द्रावण सौम्य भासलं : १.० भागिले १०.६, म्हणजे ०.०९४३ मोलर. त्या दिवशी वर्गात अंत्यबिंदू बरोबर ओळखणारी, बुडबुडा काढणारी, तीन रीडिंग नीट घेणारी ती एकटीच होती, आणि तिनेच आपलं उत्तर खोडलं होतं. बाकी एकोणीस जणांचं १०.० तर ९.७ च्या द्रावणावरही खोटं होतं आणि १०.६ च्या द्रावणावरही.

तिला बोलावून सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "सर, मग मार्क?" मी पुसलेल्या ठशावर पेनने आकडे लिहायला लावले आणि पूर्ण मार्क दिले. एकोणीस जणांना प्रॅक्टिकल पुन्हा करायला लावलं. पालकांचा एक फोन आला, तो वेगळा विषय.

चूक माझीही होतीच. बाटलीवर तारीख नव्हती, आणि सगळ्या टेबलांना एकच उत्तर यावं अशी व्यवस्था मीच केली होती. आता मी चार वेगवेगळी द्रावणं करतो, लिटरला ३.६ ग्रॅमपासून ४.५ पर्यंत. बाटल्यांवर फक्त अ, ब, क, ड. शेजारच्याचं बघून काही फायदा नाही हे मुलांना पहिल्या दहा मिनिटांत कळतं. मामा म्हणतात, "सर, काम चौपट झालं." झालंय खरं.

घरचा प्रयोग नव्हे, पण गावचा

बोर्डाचं प्रॅक्टिकल झालं की जानेवारी-फेब्रुवारीत मी एक जादा तास घेतो. तेव्हा निफाड-दिंडोरीकडच्या मुलांच्या घरी द्राक्षं असतातच. ऑक्टोबर छाटणीपासूनचा माल काढणीला आलेला असतो. मुलांना रिफ्रॅक्टोमीटर माहीत असतो, त्यात साखर कळते. पण आंबटपणा किती, ते टायट्रेशनने कळतं. वायनरीच्या लॅबमध्येही हेच करतात, तिथे रंगावर न जाता पीएच मीटर लावतात.

हिरव्या द्राक्षांचा रस फडक्याने गाळून घ्यावा. १० मिलि रस, त्यात ५० मिलि पाणी, फिनॉल्फ्थॅलिनचे तीन-चार थेंब आणि ब्युरेटमध्ये ०.१ मोलर कॉस्टिक. काळी द्राक्षं घेऊ नका. त्यांच्या सालीतला रंग स्वतःच दर्शक आहे, आम्लात लाल आणि कॉस्टिकमध्ये निळा-हिरवा, त्यात गुलाबी शोधता येत नाही. द्राक्षात टार्टारिक आणि मॅलिक अशी दोन मुख्य आम्लं असतात, पण हिशेब सगळा टार्टारिक धरून करायची रीत आहे. ०.१ मोलर कॉस्टिकचा १ मिलि म्हणजे ०.००७५ ग्रॅम टार्टारिक आम्ल. समजा ८.० मिलि लागलं, तर ०.०६ ग्रॅम, म्हणजे लिटरला ६ ग्रॅम.

मागे एकाने मण्यात पाणी उतरायच्या आधीची, टणक हिरवी द्राक्षं आणली होती. दहा मिलि रसाला ब्युरेट निम्मी रिकामी झाली तरी गुलाबी येईना. कच्च्या द्राक्षात आम्ल पिकलेल्यापेक्षा कितीतरी जास्त असतं, पिकताना मॅलिक आम्ल खर्च होत जातं. अशा वेळी रस २ मिलिच घ्यावा. त्या मुलाने नंतर दर आठवड्याला त्याच वेलीचा एक घड आणून पाच आठवडे रीडिंग घेतली. दर वेळी आधीपेक्षा कमी. शेवटच्या आठवड्यात त्याच्या वडिलांनी विचारायला सांगितलं होतं की किती आकड्याला माल काढायचा. ते मात्र व्यापाऱ्याच्या हातात असतं, ब्युरेटच्या नाही, असं मी त्याला सांगितलं. तास संपल्यावर मुलं उरलेली द्राक्षं लॅबबाहेर नेऊन खातात. लॅबमध्ये आणलेली नव्हे, पिशवीत वेगळी ठेवलेली. आणि जायच्या आधी ब्युरेट पाण्याने तीनदा धुऊन, कॉक काढून, उलटी टांगून ठेवायची. कॉस्टिक रात्रभर आत राहिलं तर सकाळी कॉक हलत नाही.